माशांची बदली

"तुझ्या माशांचं काय करायचं ते ठरव बाई लवकर. ट्रक दोन तारखेला येतोय."

आईचा हा फोन आला तेव्हा मी सबमिशनच्या ढिगाऱ्यात बसले होते. मी काही बोलायच्या आत मागून आजीचा आवाज आला, "त्यात काय ठरवायचंय? गंगेत सोडा म्हणावं. मोकळे होतील बिचारे जीव." (नाशिकला आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. बाहेरगावच्या मैत्रिणी उगाच गोंधळतात.)

बाबा बँकेत आहेत. गेल्या वर्षी त्यांना प्रमोशन मिळालं आणि प्रमोशनबरोबर गुवाहाटी मिळाली. फ्रिज न्यायचा, सोफा विकायचा, स्कूटर मामाला, तुळस शेजारच्या काकूंना, आजी काकांकडे, असं सगळं वहीत लिहून झालं होतं. वहीतल्या शेवटच्या ओळीत 'मासे' आणि पुढे प्रश्नचिन्ह.

काकांकडे मासे का नाही ठेवले, हे आधीच सांगते. काकांकडे मांजर आहे.

आता मासे कोणते ते सांगायला हवं. तीन फुटी टाकी, त्यात दोन गोल्डफिश, सात-आठ गप्पी (नेमका आकडा रोज बदलायचा, कारण पिल्लं व्हायची आणि गोल्डफिश ती खायचे) आणि एक सकर. काळा, खरबरीत, रात्रभर काचेला चिकटून जागा. त्याचं नाव वॉचमन. दहावीच्या रिझल्टचं बक्षीस म्हणून टाकी घेतली तेव्हा वॉचमन माझ्या करंगळीएवढा होता. आता वीतभराच्या पुढे गेलाय. 'माझे मासे' हे आपलं म्हणायला. मी हॉस्टेलला आल्यापासून पाणी बदलतेय आई, खाणं घालतायत बाबा आणि मी सुट्टीत जाऊन काचेवर टकटक करते, जी करू नये.

घरगुती गोष्ट कॉलेजच्या मासिकात कशाला, असं वाटेल. आणि माझं मराठी कॉन्व्हेंटमधलं. ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाने सुधारून घेतलंय, विचार मात्र माझेच आहेत. पण लिहिण्याचं कारण हॉस्टेलमध्येच आहे. आमच्या विंगमध्ये आज पाच रूममध्ये मासे आहेत. (ऑफिशियली एकाही रूममध्ये नाहीत. रेक्टर मॅडम, हे वाक्य कृपया सोडून द्या.) दर मे महिन्यात फायनल इयरच्या मुली बंगलोर, हैदराबाद, गुरगावला निघतात. पुस्तकं ज्युनियर्सना जातात, कूलर विकला जातो, बादल्या कामवाल्या मावशींना. मासे मात्र शेवटच्या रात्रीपर्यंत कुणाच्या यादीतच नसतात. आणि मग शेवटच्या सकाळी एक बादली वर्कशॉपमागच्या तळ्याकडे जाते.

मी स्वतः हे पाहिलंय. आमच्या एका सीनियरने बादली हळूच तिरकी केली, मासे पाण्यात गेले, तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "जा रे बाळांनो, फ्री झालात." आम्ही चौघी तिथे उभ्या होतो, आमचेही डोळे भरून आले. एकीने फोटो काढला. आज तो प्रसंग आठवला की स्वतःचाच राग येतो. तेव्हाच तिच्या हातातली बादली धरायला हवी होती.

माझं मत पहिल्यांदाच सांगून टाकते, म्हणजे कुणाला शेवटपर्यंत वाचायचं नसेल तर सुटका. लांब जायचं असेल तर मासे बरोबर नेण्याचा हट्ट बहुतेक वेळा आपल्या समाधानासाठी असतो, माशांसाठी नाही. तळ्यात-नदीत सोडणं ही दया नाही, ती आपली जबाबदारी झटकणं आहे. राहिलं देऊन टाकणं. ते सगळ्यात साधं आणि आपल्याला सगळ्यात जड जाणारं. त्यातही शहाणपण लागतं, आणि ते माझ्याकडे नव्हतं. ते पुढे येईलच.

सुरुवातीला मीसुद्धा "माझे मासे माझ्याबरोबर" याच पार्टीत होते. सिव्हिलची मुलगी असल्याने लगेच कॅल्क्युलेटर काढला. टाकी तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे साडेचार घनफूट. घनफुटाला २८.३ लिटर धरले तर साधारण १२७ लिटर. म्हणजे १२७ किलो नुसतं पाणी. काच आणि तळाची खडी वेगळीच. भरलेली टाकी हलवायची नसतेच, अर्धी भरलेलीसुद्धा नाही. पाणी डचमळतं, तळाच्या काचेवर ताण येतो आणि सिलिकॉनचे सांधे सुटतात. तेव्हा टाकी रिकामी करून ट्रकमध्ये आणि मासे वेगळे, पिशवीत.

पिशवीतून मासे लांब जातात का? जातात की! आपल्या दुकानांत मिळणारे बरेचसे मासे चेन्नईच्या कोळत्तूर भागातून नाहीतर कोलकात्याहूनच आलेले असतात. मासे असे निघायच्या आधी एक-दोन दिवस उपाशी ठेवतात, म्हणजे ते पिशवीत घाण करत नाहीत. पिशवीत एक तृतीयांश पाणी, वर दोन तृतीयांश ऑक्सिजन, तोंडाला घट्ट रबर, आणि पिशव्या थर्माकोलच्या खोक्यात. उष्णता आत शिरत नाही आणि अंधारात मासे शांत राहतात. मग आपण का नेऊ शकणार नाही, असा माझा मुद्दा होता.

इथे केमिस्ट्री आडवी येते. मासा कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो आणि श्वासातून कार्बन डायऑक्साइड. बंद पिशवीत दोन्ही साठत जातात. गंमत अशी की कार्बन डायऑक्साइडमुळे पाण्याचा पीएच उतरतो, आणि कमी पीएचला अमोनियाचा बहुतेक भाग अमोनियम होऊन बसतो, जो माशाला फारसा लागत नाही. म्हणजे एक घाण दुसऱ्या घाणीला दाबून ठेवते. आपण मात्र प्रेमापोटी मध्येच एखाद्या स्टेशनवर पिशवी उघडतो, "बघू तरी जिवंत आहेत का." वायू उडून जातो, पीएच वर चढतो आणि तेवढ्याच पाण्यातला अमोनिया विषारी होतो. पिशवी उघडली की मासा लगेच चांगल्या पाण्यात गेला पाहिजे. आगगाडीत चांगलं पाणी कुठून आणणार? पँट्रीकडून?

त्यात नाशिक रोड ते गुवाहाटी म्हणजे दोन दिवसांच्या वरचा प्रवास, तोही उन्हाळ्यात. दुकानदार पाठवतात ती बोटभर पिल्लं. आमचे गोल्डफिश मुठीएवढे, आणि वॉचमनच्या पाठीवरचा काटा म्हणजे साध्या पिशवीला भोक पडलंच समजा.

तरीही मी हटले नव्हते. शेवटी आईने एकच प्रश्न विचारला, "तिकडे उतरल्यावर कशात ठेवणार?" बँकेचं क्वार्टर मिळेपर्यंत दहा-बारा दिवस गेस्ट हाऊस. टाकी ट्रकमध्ये, ट्रक कधी पोचेल ते ट्रकवाल्यालाच माहीत. म्हणजे दोन दिवस पिशवीत आणि मग गेस्ट हाऊसच्या बादलीत, बिनफिल्टरचे. तीन वर्षं इंजिनियरिंग शिकून मी फक्त प्रवासाचा विचार केला, मुक्कामाचा केलाच नाही. तो एम. ए. मराठी झालेल्या आईने केला.

ज्यांची बदली सहा-आठ तासांच्या अंतरावर आहे, ज्यांच्या नव्या घरी टाकी आधी लावता येते, त्यांनी जरूर न्यावेत. पुणे-नाशिक, नागपूर-अमरावती यात काही अवघड नाही. गुवाहाटी वेगळी.

आता आजीचा मुद्दा. तो मला हसण्यावारी न्यायचा नाही, कारण हॉस्टेलमधल्या नव्वद टक्के मुलींचा मुद्दा तोच आहे, फक्त इंग्लिशमध्ये. पिंजऱ्यातला पक्षी सोडला की पुण्य, तर काचेतला मासा सोडला की पाप कसं?

मी आजीला म्हटलं, "आजी, हा वॉचमन मुळात दक्षिण अमेरिकेतला. त्याला गंगेत सोडणं म्हणजे मुक्ती कशी होईल? ते परक्या गावात उतरवून देणं झालं." आजी म्हणाली, "तुम्ही नाही का गुवाहाटीला चाललात?"

याला उत्तर सुचायला मला दोन दिवस लागले. उत्तर असं, की आम्ही गुवाहाटीत जाऊन तिथल्या लोकांचं अन्न संपवणार नाही, त्यांच्या घरांच्या भिंती पोखरणार नाही. सकर नेमकं तेच करतो. काठाच्या मातीत बिळं करून अंडी घालतो, त्यामुळे काठ ढासळतात. तळाचं शेवाळ खरवडून खातो, त्यात दुसऱ्या माशांची अंडीही जातात. अंगावर हाडांचं चिलखत, त्यामुळे त्याला खाणारं इकडे फारसं कुणी नाही. पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला तर वर येऊन हवा गिळतो, म्हणजे घाण पाण्यातही मजेत. पूर्व कोलकात्याच्या पाणथळ भागात तो पसरलाय, आणि आपल्या उजनीत तर मच्छीमार त्याला हेलिकॉप्टर म्हणतात. नाव ऐकून हसू येतं, पण त्याच्या काट्यांनी ज्यांची जाळी फाटतात त्यांना येत नाही. हे मासे तिथे कुणी पेरले नाहीत. कुणाच्या तरी टाकीतून, पैदास केंद्रातून सुटले. प्रत्येकाला वाटलं असणार, माझ्या एकट्याच्या वॉचमनने असा काय फरक पडतो.

उजनीचीच दुसरी गोष्ट चिलापीची. हा आफ्रिकेतला तिलापिया. आपल्या देशात १९५२ साली खाण्यासाठी म्हणून मुद्दाम आणला. आज भिगवणला जाऊन मासे खाल्लेत तर ताटात बहुधा चिलापीच असेल. चव चांगली असते, ते मान्य. पण एकदा पाण्यात शिरलेला मासा परत बोलावता येत नाही.

गोल्डफिश तर गरीब बिचारा, तो काय करणार? २०२१ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात बर्न्सव्हिल नावाच्या गावाने लोकांना हात जोडून सांगितलं की पाळलेले गोल्डफिश तळ्यात सोडू नका. तिथल्या तळ्यात फुटबॉलएवढे गोल्डफिश सापडले होते. तळाची माती उकरून पाणी गढूळ करतात, पाणवनस्पती उपटतात. आपल्या टाकीत तो लहान राहतो, कारण आपण त्याला लहान ठेवतो.

माझी रूममेट वकिली बाण्याची आहे. ती म्हणाली, "महापालिका स्वतःच डासांसाठी गप्पी मासे सोडते, ते चालतं?" खरं आहे. गप्पी डासांच्या अळ्या खातात म्हणून सोडतात. पण गप्पीला अळी कुठली आणि बेडकाचं अंडं कुठलं हे कळत नाही, समोर येईल ते खातो. अळ्या खाणारे छोटे मासे आपल्याकडचेही आहेत, तेच वापरा असं जाणकार सांगतात. आणि बंद टाक्यात हिशेबाने सोडणं वेगळं, तळ्यात बादली उपडी करणं वेगळं. रूममेटला हे पटलं नाही. नाही पटलं तर नाही.

आजीला माझ्या भाषणातलं किती पटलं माहीत नाही. शेवटी ती एवढंच म्हणाली, "मग आणलेच कशाला होते?" याला उत्तर अजूनही सुचलेलं नाही.

राहिलं देऊन टाकणं. हे ऐकायला सोपं वाटतं. पहिला नकार ज्यांनी विकले त्याच दुकानातून आला. "ताई, एवढा मोठा सकर कोण घेणार? लोकांना छोटे पाहिजेत." मग आईने आख्खी कॉलनी पालथी घातली. आमच्या डेंटिस्टच्या वेटिंग रूममध्ये सहा फुटी टाकी आहे, वॉचमन तिथे गेला. ओळखीच्या मोठ्या टाकीवाल्यांना विचारा, शाळांना, दवाखान्यांना, हॉटेलांना विचारा. शेवटच्या दिवशी नाही, निदान महिनाभर आधी. गप्पी दोन घरांत वाटले, आणि घेणाऱ्यांकडून कबूल करून घेतलं की नको झाले तर फोन करायचा, ओढ्यात टाकायचे नाहीत.

गोल्डफिश शेजारच्या काकूंच्या मुलाने मागितले. पाचवीतला मुलगा. त्याने साठवलेल्या पैशांतून नवी टाकी आणली, निळी खडी, प्लॅस्टिकचा किल्ला, सगळं. मी तीन दिवसांची सुट्टी काढून घरी गेले होते. गोल्डफिश त्याच्या हवाली केले, वहीच्या कागदावर सूचना लिहून दिल्या. रोज चिमूटभर खाणं. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मगच वापर, क्लोरीन असतं. काचेवर टकटक करू नको. फार जबाबदार वाटलं मला स्वतःचं.

आणि मग मी आमच्या टाकीचा फिल्टर काढला. त्याचा स्पंज नळाखाली चोळचोळून धुतला, गॅलरीत कडकडीत उन्हात वाळवला आणि ट्रकमध्ये भरला. नव्यासारखा दिसत होता.

पाचव्या दिवशी मोठा गोल्डफिश मेला. काकूंनी आईला सांगितलं, आईने मला. संध्याकाळी त्या मुलाचाच फोन आला. रडत नव्हता. फक्त विचारलं, "ताई, माझं काय चुकलं गं?"

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. त्या धुतलेल्या स्पंजमध्ये जे बॅक्टेरिया होते, तेच तर टाकीचं खरं जीवन. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. नवीन टाकीत ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे आपल्याच घाणीत गुदमरतात. माझा जुना स्पंज मी ओला तसाच, टाकीच्याच पाण्यात ठेवून त्याला दिला असता, तर ही वस्ती आयती त्याच्या टाकीत गेली असती. नळाच्या क्लोरीनने मी ती मारली आणि उरली ती उन्हात घातली.

यातला सगळ्यात लाजिरवाणा भाग सांगायचा राहिला. नायट्रिफिकेशनवर मी त्याच सेमिस्टरला एन्व्हायर्नमेंटलच्या पेपरात पानभर उत्तर लिहिलं होतं. नायट्रोसोमोनास, नायट्रोबॅक्टर, रिअ‍ॅक्शन्स बॅलन्स करून, आकृतीसकट. मार्क्सही चांगले पडले. सांडपाण्याचा प्रकल्प आणि बैठकीतली टाकी यांत तेच जीवाणू तेच काम करतात, हे डोक्यात आलंच नाही.

मुलाला मी खरं सांगितलं, की चूक माझी होती. मग रोज फोनवर, "पाव बादली पाणी काढ, शिळं पाणी घाल, आज खाणं नको." आमच्या मेसमध्ये जेवताना हे संभाषण चालायचं, लोक हसायचे. धाकटा गोल्डफिश वाचला. अजून आहे. मुलाने त्याचं नाव मला न विचारता बदललं, आता तो 'धोनी' आहे. चालायचंच, आता त्याचा आहे तो.

आमच्या हॉस्टेलबद्दल माझं म्हणणं फार मोठं नाही. रूम सोडताना नो ड्यूजच्या कागदावर पंखा, ट्यूबलाइट, कपाटाची किल्ली, सगळ्यावर सही लागते. त्यात एक ओळ वाढवावी: मासे असल्यास कोणाला दिले. हो, त्यासाठी आधी मासे आहेत हे हॉस्टेलला मान्य करावं लागेल. रेक्टर मॅडम, मघाचं वाक्य सोडून द्यायची विनंती मी मागे घेते. चोरून ठेवलेल्या टाकीची वाट शेवटी चोरूनच लागते, रात्री नाहीतर पहाटे, तळ्याकडे. उघडपणे असेल तर ज्युनियर्सना मार्चमध्येच सांगता येईल, रीडिंग रूमच्या कोपऱ्यात एक मोठी टाकी ठेवता येईल. तिचं पाणी कोण बदलणार हा प्रश्न आहेच. मी माझं नाव देते, रविवारचं.

ज्या मुली यंदा नवीन टाकी घ्यायच्या विचारात आहेत, त्यांनी दुकानात सकर दिसला तर तो दोन इंचाचा आहे हे विसरून फूटभराचा आहे असं समजून बघावं. गोल्डफिश नीट सांभाळला तर दहा वर्षं सहज जगतो. आपली डिग्री चारच वर्षांची, के.टी. लागली तर पाच.

आता शेवटचं. दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या सीनियरचं पोस्टिंग चेन्नईला झालंय, जूनमध्ये जॉइनिंग. तिच्याकडे दोन बाय एक बाय एकची टाकी आहे, सहा गप्पी, एक छोटा सकर. फिल्टर चालू आहे आणि स्पंज धुतलेला नाही, मी स्वतः खात्री केली आहे. फुकट द्यायचं आहे. ज्यांना हवं त्यांनी पी.एल. सुरू व्हायच्या आत मेसमध्ये मला गाठावं. सकर वेगळा मिळणार नाही आणि वेगळा टाकूनही यायचा नाही.